दुसरा पेला

जिन, लिंबू आणि मध या तीन जिनसांनी माझं शिक्षण बुडवलं. असं काही झालं की माणसं नशिबाला बोल लावतात. माझी नशिबाबद्दल काही तक्रार नाही. माझी तक्रार माणसांबद्दल आहे, आणि त्यातली निम्मी माणसं आता हयात नाहीत म्हणून ती कमी झालेली नाही.

आम्ही बेलापूरचे. ऊस, थोडी मोसंबी, दारात चार जनावरं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. बेलापुरात मॅट्रिक होऊन मी नगरच्या कॉलेजात सायन्सला गेले तेव्हा आमच्या भावकीत कुणाला ते फारसं रुचलं नव्हतं, पण आबांनी कुणाचं ऐकलं नाही. राहायची सोय मामाकडे भिंगारला झाली. मामाचं घर जुन्या बाजारपेठेतल्या एका बोळात होतं. तिथून कॉलेजात मी सायकलवर जायची. बोळातल्या बायका ओट्यावर बसून ते रोज बघायच्या, आणि रोज पहिल्यांदाच बघितल्यासारख्या बघायच्या.

मला केमिस्ट्री आवडायची. आवडायची म्हणजे काय, ते तेव्हा घरात कुणाला समजावून सांगता आलं नसतं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना एका थेंबाला खालचं पाणी गुलाबी होतं आणि गुलाबीच राहतं, तो थेंब ओळखण्यात मला जी मजा वाटायची ती दुसऱ्या कशात वाटली नाही. वर्गात आम्ही मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होतो. बी.एस्सी. व्हायचं, मग बी.एड. करायचं आणि श्रीरामपुरात कुठल्या तरी हायस्कुलात सायन्स शिकवायचं, असं माझं ठरलं होतं. आबांचंही ठरलं होतं. आमच्या दोघांच्या ठरवण्याला घरात किती किंमत आहे ते मला अजून कळायचं होतं.

मी दुसऱ्या वर्षाला होते. बांगलादेशची लढाई होऊन दोनेक महिने झाले असतील. भिंगारात तेव्हा लष्करातल्या माणसाला भलताच भाव आला होता. साधा शिपाई रजेवर आला तरी बाजारात त्याला दुकानदार चहा पाजायचे. मामा तिथल्या लष्करी छावणीतल्या मेसला भाजी, अंडी आणि श्रीगोंद्याकडची लिंबं पुरवायचा. त्यामुळं त्याची एका मेजरच्या बंगल्यावर ये-जा होती. या मेजरच्या बायकोचा धाकटा भाऊ कॅप्टन होता, सरहद्दीवर होता, लग्नाचा होता. मामानं हे ऐकलं आणि त्याला घरातली भाची आठवली. मेसचं सगळंच काम आपल्याकडं यावं अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती, हेही सांगून टाकते. मामाला मी प्रिय होते, खोटं कशाला बोलू? पण भाजीच्या गाड्या त्याला जास्त प्रिय होत्या.

मामी बंगल्यावर जाऊन मेजरच्या बायकोला भेटून आली. आली ती घाम पुसतच आली.

"त्यांना पोहे नकोत," ती म्हणाली. "चहासुद्धा नको. त्या म्हणतात, आमच्यात ऑफिसरच्या बायकोला पाहुण्यांसमोर स्वतःच्या हातानं ड्रिंक करता आलं पाहिजे. तेवढं मुलीनं करून दाखवावं, बाकी आम्ही काही विचारणार नाही."

मुलगी बघायला आलेल्या लोकांनी काय काय विचारलेलं मी ऐकलं होतं. चालून दाखव, सुई ओव, केस सोड, गाणं म्हण. दारू करून दाखव हे मी पहिल्यांदा ऐकलं. आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. त्यात राज्यात दारूबंदीचे कायदे, परवान्याशिवाय घरात बाटली सापडली तर मामाची वरात निघाली असती. तरी मामानं मेजरच्या कोट्यातली जिनची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, भाजीच्या पाटीत कोथिंबिरीखाली घालून घरी आणली. मामीनं ती ट्रंकेत लग्नातल्या शालूखाली ठेवली आणि किल्ली कमरेला लावली.

"ही त्या दिवशी फोडायची," तिनं सांगितलं. "आधी हात लावायचा नाही."

कृती मामीनं तोंडी आणली होती. जिन, लिंबाचा रस, मध, बर्फ. सगळं झाकणाच्या भांड्यात घालून खळखळ हलवायचं, गाळायचं, पेल्यात द्यायचं. मला सांगताना ती एवढंच म्हणाली. हलवायला भांडं कुठलं, हा प्रश्न आला. मामाकडं पितळेचा फिरकीचा तांब्या होता. त्याचं झाकण आटे पाडलेलं होतं, फिरवून घट्ट बसायचं. मामी शनिशिंगणापूरला जाताना त्यातून पाणी न्यायची. लिंबू पितळेत कळकेल म्हणून मी त्याला कल्हई करून घ्यायला लावली. मामी कल्हईवाल्यासमोर बसून राहिली आणि घरी येऊन म्हणाली, आता हा तांब्या देवाच्या कामाचा राहिला नाही, तुझ्यापायी एवढं करतोय आम्ही.

मी म्हणाले, माझ्यापायी करू नका.

त्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी कांदे चिरायला घेतले.

मग आमची रंगीत तालीम सुरू झाली. रोज कॉलेजातून आले की मामी मला स्वयंपाकघरात उभी करायची. बाटली ट्रंकेत, बर्फ परवडत नाही, म्हणून जिनच्या जागी नळाचं पाणी. त्यात लिंबू पिळायचं, चमचाभर मध घालायचा, तांब्या दोन्ही हातांत धरून खांद्यापाशी हलवायचा. "हसत हलव," मामी म्हणायची. "पदर सावर. तांब्या तोंडासमोर आणू नको, तोंड दिसलं पाहिजे." मग ती स्वतः पाहुणी होऊन पाटावर बसायची, पेला तोंडाला लावायची आणि मान डोलवायची. मध-लिंबाचं पाणीच ते, वाईट कसं लागणार? मामा संध्याकाळी आला की उरलेलं पिऊन टाकायचा. त्या महिन्यात त्याचा खोकला गेला.

मी मनातून उकळत होते. प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली होती आणि मी तांब्या हलवत होते. कॅप्टनबद्दल मला काही वाटत नव्हतं, चांगलंही नाही, वाईटही नाही. त्याचा फोटो मी बघितला होता, फोटोत टोपी जास्त होती आणि माणूस कमी. पण लग्न झालं की त्याच्या मागून गावोगाव फिरायचं, म्हणजे कॉलेज संपलं, हे सरळ होतं. मेजरच्या बायकोनं मामीला तसं सांगितलंही होतं. शिक्षण पुरे, एवढं पुष्कळ झालं, भाऊ वैशाखात रजेवर येतोय.

बघण्याच्या आदल्या दिवशी आबा बेलापूरहून एस.टी.नं आले. येताना मधाची बाटली घेऊन आले, आमच्या बांधावरच्या कडुनिंबाच्या पोळ्यातला मध. थंडीनं तो साखरला होता, रवाळ आणि घट्ट. मामा-मामी बाजारात गेले तेव्हा आबांनी मला जवळ बसवलं. कुणी नव्हतं तरी ते हळू बोलत होते.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "तुझ्या मामाच्या घरात तू दोन वर्सं जेवतीस. त्यो म्हनला हे येक स्थळ बघा, तर मला न्हाई म्हनता आलं न्हाई. त्यांनी तुला पसंत केलं तर मी सबूद दिलाय, मला मागं फिरता येनार न्हाई. पन त्यांनीच न्हाई म्हनलं, तर तुझं कालेज पुरं हुईस्तोवर मी दुसऱ्या कुनाला दारात हुभं करनार न्हाई. मामालाबी तसं सांगितलंय. त्यो व्हय म्हनलाय."

मी विचारलं, "म्हणजे मी काय करू?"

आबांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"वाईट काय करू नको. आपल्या घराचं नाव हाय. पन लई चांगलंबी करू नको."

मला हसू आलं. तेही हसले. आम्हा दोघांचं त्या दिवशी अगदी सोपं ठरलं होतं. मी ओढूनताणून काही बिघडवणार नव्हते. फक्त मन लावणार नव्हते. तांब्या हलवायचा, द्यायचं, मान खाली घालून बसायचं, बाकी त्यांचं त्यांनी बघून घ्यावं. पाहुणी नाक मुरडून गेली की मी पुन्हा सायकलवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला त्या आल्या. मेजरची बायको आणि तिची आई. मेजर आले नाहीत. कॅप्टन तर हजार मैलांवर. मामानं बोळाकडच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, म्हणून भरदुपारी दिवा लावावा लागला. आई साधी होती, नऊवारीतली, सोफ्याच्या कडेला बसली आणि शेवटपर्यंत त्या ड्रिंकला सरबतच म्हणत राहिली. मुलगी तशी नव्हती. बिनबाह्यांचं पोलकं, आखूड केस, हातात पर्स. ती खोलीत आली आणि तिनं आधी भिंती बघितल्या, मग भांड्यांची फळी बघितली, मग मला. त्याच क्रमानं. मी तिचा तिथंच राग धरला, आणि तो राग मला आजतागायत नीट सांभाळता आलाय.

"बीएस्सी का?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या वर्षाला," मी म्हणाले.

"हं. चला, बघू या आपण."

मामीनं ट्रंक उघडली, बाटली आली. मामानं टेबलावर बर्फ आणून ठेवला, गोणपाटात गुंडाळलेला, भुसा चिकटलेला. मी तो धुऊन फोडला. बाटलीचं बूच मामानं काढलं. वास आला, लॅबमधल्या स्पिरिटसारखा, त्यात कसल्या तरी झाडाच्या सालीचा. आबांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. खिडकी बंद होती, तरी ते तिकडंच बघत बसले.

मी तालमीत केलं होतं तसंच केलं. तांब्यात जिन ओतली, लिंबू पिळलं, आबांनी आणलेल्या बाटलीतला मध चमच्यानं खरवडून घातला, वर बर्फ, झाकण फिरवलं, हलवायला लागले. हसत नव्हते, एवढाच फरक. मामी मागून घसा खाकरत होती. चहाच्या गाळणीतून पेल्यात गाळलं. पाण्यासारखं पांढुरकं काहीतरी पेल्यात पडलं आणि गाळणीत मधाचा गोळा तसाच्या तसा राहिला. तांब्याच्या बुडाशीही तेच. थंडीनं आधीच घट्ट झालेला मध बर्फात आणखी घट्ट होऊन पितळेला चिकटून बसला होता. तालमीतला मामीचा पातळ मध महिनाभर साध्या पाण्यात निमूट विरघळत होता, इथं यानं अंग चोरलं. मला लगेच कळलं काय झालंय ते. मी मनात म्हटलं, छान झालं.

पाहुणीनं एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"ओह गॉड. नुसती जिन आणि लिंबू आहे हे. मध कुठाय?"

तिनं उठून तांब्यात डोकावलं. चमचा घालून गोळा उचलला आणि सगळ्यांना दाखवला.

"मी तुम्हाला नीट सांगितलं होतं मामी. मध आधी कोमट पाण्यात विरघळवून घ्यायचा, मग घालायचा. सांगितलं होतं की नाही?"

मला हे कुणीही सांगितलेलं नव्हतं. मी मामीकडं बघितलं. मामीचा चेहरा एक क्षण पडला आणि लगेच सावरला.

"हो की," ती म्हणाली. "मी हिला दहादा बजावलं. पण कॉलेजातल्या पोरींचं लक्ष कुठं असतं ताई? इकडून ऐकतात, तिकडून सोडून देतात."

खरं काय ते मला नंतर कळलं, पण इथंच सांगते. मेजरच्या बायकोनं कोमट पाण्याचं सांगितलं होतं आणि मामीनं ते आपण होऊन गाळलं होतं. कारण मध गरम करायचा नसतो. गरम केला की त्याचं विष होतं, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. मध गरम दुधात घालत नाहीत, गरम पाण्यात घालत नाहीत, बाळाला चाटवताना सोनं उगाळून थंडच चाटवतात. मामीनं मनाशी विचार केला असणार की मेमसाहेबाला आपल्या रीती काय कळतात, आणि तेवढं वाक्य बाजूला ठेवलं. जिन घरात आणायला तिला काही वाटलं नाही. ती चालली. कोमट पाणी नाही चाललं.

पण त्या वेळी मला फक्त एवढंच दिसलं की ही बाई माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलतेय, आणि आबा तिथं बसलेत. आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान होतं. त्यांना वाटलं, मी ठरल्याप्रमाणं केलं.

पाहुणी पर्स उचलून आईकडं वळली. आवाज खाली न आणताच म्हणाली, "आई, बीएस्सी करतेय म्हणे. केमिस्ट्री. बर्फात मध विरघळत नाही हे आमच्या ऑर्डर्लीलासुद्धा कळतं. या खेड्यातल्या मुलींना कॉलेजात पाठवून काय होतं कुणास ठाऊक. पुस्तक पाठ करतात झालं."

आई म्हणाली, "असू दे गं. बरं, आम्ही कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय हे मुलीच्या बापाला सांगावं लागत नाही. मामाचा चेहरा उतरला. त्याच्या डोळ्यांसमोरून भाजीच्या गाड्या निघून गेल्या असतील. आबा उठून उभे राहिले, हात जोडले. चपला दारात होत्या. सगळं संपलं होतं. मला फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं, चार-सहा मिनिटं, त्या बोळाच्या तोंडाशी जाईपर्यंत. माझं कॉलेज माझ्या हातात होतं.

आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मला मूर्ख म्हटलेलं सहन होत नाही. आजही होत नाही. काळी म्हणा, उद्धट म्हणा, स्वयंपाक येत नाही म्हणा, मी ऐकून घेईन. पण केमिस्ट्री मला येत नाही, असं त्या बिनबाह्यांच्या बाईनं माझ्या बापासमोर म्हणावं, आणि मामीनं वर खोटी साक्ष द्यावी? मला त्या क्षणी दुसरं काही दिसेना. परीक्षा, श्रीरामपूर, हायस्कूल, काहीही नाही.

"ताई, बसा," मी म्हणाले. "पाच मिनिटं लागतील."

मी उत्तराची वाट बघितली नाही. स्वयंपाकघरात गेले, स्टोव्ह पेटवला, पातेल्यात वाटीभर पाणी ठेवलं. मामी धावत मागून आली. पडद्याआड उभी राहून दबक्या आवाजात बोलायला लागली.

"काय करतीस गं? मध तापवतीस? इख हुतं त्याचं! माझ्या घरात पाहुणीला काय झालं म्हंजी?"

"झालं तर तुम्ही सांगितलं होतं म्हणून सांगा," मी म्हणाले. "दहादा."

ती गप्प झाली. तिला गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली, आणि त्याचा मला झालेला आनंद अजून ताजा आहे.

पाणी बोटाला सोसेल इतपत झाल्यावर मी पातेलं उतरवलं. जितकं पाणी तितकाच मध, वाटीत घालून ढवळला. रवा दिसेनासा झाला, वाटीचा तळ दिसायला लागला, सोनेरी, स्वच्छ. ती वाटी बर्फाच्या पाण्यात ठेवून निववली. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळालेलं खुणांचं टोपण होतं, ते घेतलं. अंदाजानं ओतलेलं आधी फसलंच होतं. जिन दोन टोपणं, लिंबाचा रस एकाला थोडा कमी, मधाचं पाणी तितकंच. करंगळी बुडवून चाखलं. आयुष्यात पहिल्यांदा दारू जिभेला लागली ती अशी. आंबटपणा पुढं येत होता, म्हणून मधाचं पाणी थेंब थेंब वाढवलं. पाच-सहा थेंबांनंतर एक थेंब असा पडला की लिंबू, मध आणि जिन वेगवेगळं लागेना, एकच काहीतरी लागायला लागलं. तो थेंब मला कळला. मला चक्क मजा येत होती, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

तांब्या धुऊन त्यात बर्फासकट घातलं, हलवलं. या वेळी मी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हते. बाहेरून तांब्यावर दव धरलं, बोटं बधिर झाली, तेव्हा थांबले. गाळलं. पेल्यात फिकट पिवळं उतरलं, वर बारीक फेस. मी बाहेर जाऊन तिच्या हातात पेला दिला आणि उभी राहिले, मान वर करून.

तिनं घोट घेतला. मग दुसरा घेतला. पर्स खाली ठेवली.

"आई," ती म्हणाली, "हे मेसमध्येसुद्धा असं मिळत नाही गं."

"काय घातलंस आता?" तिनं मला विचारलं.

मी सांगितलं. मध बर्फात का आखडतो, स्पिरिटमध्ये का विरघळत नाही, कोमट पाण्यात सिरप का करायचं, आंबटाला गोड किती लागतं, सगळं. फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलले. तिला चांगलं सुनावायचं होतं मला. शब्द मोजून मोजून, तिला कळेल अशा भाषेत, म्हणजे तिला कळलं नाही हे तिला कळावं म्हणून. आणि ती बया ऐकत ऐकत हसायला लागली. तिनं पेला संपवला, उठली, माझ्या हनुवटीला हात लावला.

"असंच पाहिजे आम्हाला," ती म्हणाली. "तोंडाची फटकळ आहे, पण पार्टीत उभी राहील. आई, ओटी भर हिची. आत्ताच."

आईनं पिशवीतून नारळ काढला. तो तिनं आणलेलाच होता, लागला तर असावा म्हणून. मामीनं धावत जाऊन कुंकवाचा करंडा आणला, तोंडभर हसत, जणू गेल्या अर्ध्या तासात तिनं काहीच केलं नव्हतं. मामा खिडक्या उघडायला धावला आणि मग टेबलावरची बाटली आठवून पुन्हा लावून घेतल्या. माझ्या पदरात नारळ पडला तेव्हा मला समजलं मी काय केलंय. तोपर्यंत खरंच समजलं नव्हतं. हे कुणाला पटत नाही, पण मी शपथेवर सांगते, नारळाचं वजन पदरावर येईपर्यंत मी जिंकलेय असंच मला वाटत होतं.

लग्न वैशाखात झालं. माझी प्रॅक्टिकलची परीक्षा झाली, थिअरीच्या दोन पेपरांना मी बसले नाही, कारण तेव्हा बस्ता बांधायला सगळे पुण्याला गेले होते आणि मुलीशिवाय बस्ता कसा बांधायचा? पुढं कुणी विचारलं की मी सांगायची, दुसरं वर्ष झालंय. तेही खरं नव्हतं. नवरा माणूस वाईट निघाला नाही. तो जिन प्यायचाच नाही. रम प्यायचा, नुसतं पाणी घालून, आणि ती स्वतःच्या हातानं ओतून घ्यायचा. बहिणीनं माझी कसली परीक्षा घेतली ते त्याला लग्नानंतर मी सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. त्याला कारण कळलं नाही, आणि सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

ओटी भरली त्या संध्याकाळी आबा परत बेलापूरला निघाले. मामा म्हणत होता, राहा, पेढे खा. आबा थांबले नाहीत. जनावरांचं निमित्त सांगितलं. त्यांना गाडीत बसवून द्यायला मी नगरच्या स्टँडपर्यंत गेले. स्टँडवर गाडी लागायची होती. आबा बाकावर बसले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"त्या बाया उठल्या हुत्या," ते म्हणाले. "चपला घालाया निघाल्या हुत्या."

मी त्यांची पिशवी बाकावर ठेवली.

"मी सोता हात जोडले हुते. मनात म्हनलं, सुटली पोर." ते माझ्याकडं वळले. "मग दुसरा प्याला कराया तुला कुनी सांगितलं हुतं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. मामाच्या उपकारांपायी माझ्या लग्नाचा शब्द तुम्हीच दिलात की, असं सुनावलं असतं. ते खरंच विचारत होते, उत्तर पाहिजे म्हणून.

"आबा," मी म्हणाले, "तिनं मला मूर्ख म्हटलं."

बेलापूरची गाडी आली. आबा उठले, पिशवी खांद्याला लावली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

"म्हनू द्यायचं हुतं."